वऱ्हाडाला वरिष्ठ सभागृह हवेच

विधान परिषद कायदा कायमचा अडवू शकत नाही, हे खरे. साधे विधेयक तिला आधी 3 महिने, मग 1 महिना रोखता येते. अर्थविधेयक जेमतेम 14 दिवस. मग हा खर्च कशाला? उत्तर अमरावतीतच आहे. पदवीधर मतदारसंघाचे बी. टी. देशमुख यांनी विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे वर्षानुवर्षे सभागृहात लावून धरले. विधानसभेचा आमदार आपल्या तालुक्यातल्या रस्त्या-पुलांत गुंततो. अकोला, बुलडाण्यासह पाच जिल्ह्यांचा प्रतिनिधी अख्ख्या वऱ्हाडाचा हिशेब मागू शकतो. परिषद म्हणजे पडलेल्या उमेदवारांची सोय, हा आक्षेप खोटा नाही. पण ती सोय पक्ष लावतात. पदवीधर-शिक्षकांच्या जागा मतांनीच जिंकाव्या लागतात. खरी अडचण नोंदणीची आहे: पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, आणि कितीतरी जण अर्जच भरत नाहीत.