गॅसची नळी झाकावी, पण गाडू नये

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराला नव्या टाइल्स बसवायच्या ठरल्या, की पाइपने येणाऱ्या गॅसची ती पिवळी नळी डोळ्यांत खुपू लागते. आमचा गवंडीही म्हणाला, "बाई, भिंतीत खाच पाडून गाडून टाकतो. दिसणारसुद्धा नाही!" मोह झाला हो! पण मागे खुंटी ठोकताना भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला होता, ते आठवलं. पाणी निदान दिसलं तरी. भिंतीत गळणारा गॅस पोकळीतून भलत्याच खोलीत निघायचा!

तेव्हा नळी उघडीच ठेवा. फारच खटकत असेल, तर पुढे जाळीच्या दाराचं कपाट करा. हा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून वरच्या बाजूला जाळी हवीच. (सिलिंडरचा गॅस मात्र जड, तो खाली साठतो.) बंद करायची चावी हाताशी राहू द्या. नळी हलवायची झाल्यास गॅस कंपनीचाच माणूस बोलवा. वास आलाच, तर चावी बंद करून खिडक्या उघडा. विजेच्या बटणाला हात लावू नका.

आमची नळी उघडीच आहे. अधूनमधून सांध्यांना साबणाचा फेस लावून बघते. बुडबुडे आले नाहीत, की फडक्याने पुसून कामाला लागते.