विश्लेषण : छोटी ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ मोटार घेताना खरा खर्च कुठे होतो? ती कुणाला हवी, कुणाला नको?

जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले आणि छोट्या मोटारी बऱ्याच स्वस्त झाल्या. मात्र चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोटारींच्या वाट्याला ही सवलत तोकडीच आली. तरीही घाटात, पावसात ‘सेफ’ म्हणून अशी मोटार घेण्याकडे अनेक कुटुंबांचा कल आहे. ही समजूत कितपत खरी आहे आणि खरेदीनंतर अशी मोटार काय मागते?

दिसायला दांडगी म्हणजे फोर बाय फोर?

तसे नाही. क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा या रस्त्यावर सर्वाधिक दिसणाऱ्या एसयूव्हींत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. चारही चाकांना ती देण्याचे दोन प्रकार आहेत. ग्रँड व्हिटारासारख्या मोटारीत एरवी पुढचीच चाके ओढतात आणि ती घसरू लागली की इलेक्ट्रॉनिक क्लच मागच्या चाकांनाही कामाला लावतो. चालकाला काही करावे लागत नाही. ही ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’. जिम्नी किंवा थारमध्ये चालकाने वेगळा गिअर टाकल्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांना घट्ट जोडली जातात. हा जुना फोर बाय फोर. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गिअर लावून वळले की सगळा ताण गिअर आणि टायरांवर येतो. तो चिखल, वाळू, बर्फ यांसाठीच असतो.

कराची सवलत कमी का?

१८ टक्क्यांचा दर चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींना आहे. बाकीच्यांना ४० टक्के. जिम्नीची लांबी ३,९८५ मिमी, म्हणजे मोजमापात बसणारी. पण इंजिन १४६२ सीसी पेट्रोलचे, म्हणून ४० टक्के. थारचे उदाहरण आणखी बोलके आहे. दीड लिटर डिझेलची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार १८ टक्क्यांत बसते. तेवढ्याच लांबीची फोर बाय फोर थार मोठ्या इंजिनामुळे ४० टक्क्यांत जाते. जपानमध्ये ६६० सीसीच्या चिमुकल्या मोटारीही चारही चाकांवर चालणाऱ्या मिळतात, इटलीत फियाटने पांडा फोर बाय फोर १९८३ मध्येच आणली. तिथे बर्फ आहे, त्यामुळे मागणी आहे. भारतात छोट्या इंजिनाला ही यंत्रणा जोडून विकावी इतके गिऱ्हाईक नाही.

पावसात ती जास्त सुरक्षित असते का?

गाडी जागची हलवण्यापुरती, होय. थांबण्यासाठी नाही. ब्रेक तर साध्या मोटारीतही चारही चाकांना असतात. ओल्या घाटातल्या उतारावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरच्या खाचा, वेग आणि एबीएस ठरवतात. ताकद किती चाकांना मिळते याचा तिथे संबंध येत नाही. उलट चढावर घसरण जाणवत नसल्याने रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच चालकाला येत नाही, आणि उतारावर तो फाजील वेगात असतो. अतिविश्वासाचे नमुनेही कमी नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये वाहतूक कोंडी टाळण्यासाठी लाहौल-स्पितीत चंद्रा नदीच्या पात्रातूनच मोटार नेणाऱ्याला पोलिसांनी दंड केला. जून २०२४ मध्ये कच्छमधील मुंद्रा येथे रीलसाठी समुद्रात घातलेल्या दोन फोर बाय फोर मोटारी रुतल्या आणि गुन्हा दाखल झाला.

टायर बदलताना खिसा का रिकामा होतो?

खरी गोम इथे आहे. साध्या मोटारीचे दोन टायर झिजले की दोनच बदलायचे, ही आपल्याकडची रीत. एखादा टायर फुटला तर टायरवाला हाताशी असेल तो, दुसऱ्या कंपनीचाही, बसवून देतो. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये हीच काटकसर महागात पडते. २१५/६० आर१७ हा टायर धरा. नव्याचा परीघ साधारण २,१६७ मिमी. खाचा चार मिमी झिजल्या तर तो २५ मिमीने घटतो. म्हणजे झिजलेले चाक नव्यापेक्षा दर किलोमीटरला पाच फेऱ्या जास्त मारते, मुंबई-पुणे प्रवासात सातशेहून अधिक. पुढे नवे, मागे जुने असे टायर असले की यंत्रणेला वाटते, एक बाजू सतत घसरते आहे. क्लच विनाकारण चिकटत-सुटत राहतो, तापतो आणि कालांतराने जळतो. त्याचा खर्च वाचवलेल्या दोन टायरांच्या कितीतरी पट असतो. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला त्यांची अदलाबदल करावी. हवा महिन्यातून दोनदा तपासावी. एक टायर कापला गेला तर कधी कधी चारही घ्यावे लागतात. घरच्या हिशेबात ही रक्कम आधीच धरलेली बरी.

बंद पडल्यावर टोइंगवाला पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर ओढत नेतो, तेही इथे चालत नाही. फ्लॅटबेडच मागवावी लागते.

आणखी काय बघावे लागते?

ट्रान्सफर केस आणि मागचा डिफरन्शियल यांचे तेल वेगळे असते. इंजिन ऑइल बदलले म्हणजे सर्व्हिस झाली असे समजणाऱ्या गॅरेजमध्ये ते वर्षानुवर्षे तसेच राहते. गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर हे तेल तपासून घ्यावे. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. इंजिनात पाणी गेल्याचे नुकसान साध्या विम्यात सहसा येत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. मायलेजही थोडे घटते. ग्रँड व्हिटारा बाजारात आली तेव्हा कंपनीने मॅन्युअलचे मायलेज २१.११, तर ऑल-व्हील ड्राइव्हचे १९.३८ किमी सांगितले होते. वर्षाला १२ हजार किमी धावणाऱ्या गाडीला त्यामुळे सुमारे ५१ लिटर जास्त, म्हणजे पाचेक हजार रुपये. टायरांपुढे हे किरकोळच.

मग ती घ्यावी कुणी?

कोकणात मुख्य रस्त्यापासून जांभ्या दगडाच्या शेवाळलेल्या उतारावर घर असणाऱ्याने, पाणंद रस्त्याने रोज शेतावर जाणाऱ्याने, हिवाळ्यात मनालीच्या वर वरचेवर जाणाऱ्याने. तिथे बर्फ पडला की प्रशासन अनेकदा फोर बाय फोर वाहनांनाच पुढे सोडते. काळ्या मातीचा चिखल मात्र कुणाला जुमानत नाही. टायरच्या खाचा भरल्या की चारही चाके जागीच फिरतात आणि शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. वर्षातून दोनदा महाबळेश्वरला जाणाऱ्या पुणेकर कुटुंबाने हाच पैसा चांगल्या टायरांवर आणि जास्त एअरबॅगच्या व्हेरिएंटवर घालावा.

जुनी मोटार घेताना?

आधी चारही टायरांवरची कंपनी, माप आणि उत्पादनाचा आठवडा वाचावा. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवावी. मागून खडखड आली किंवा गाडी अडखळली तर मेकॅनिकला खालून दाखवल्याशिवाय टोकन देऊ नये. ट्रान्सफर केसचे तेल कधी बदलले याची पावती मागावी. ती निघाली नाही तर त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.