टोपी कोणी निवडावी?

काडतूस चार वस्तू मिळून होते: पितळी नळी, दारू, गोळी आणि नळीच्या बुडाशी बसविलेली टोपी. शिकारकथांत गोळीचे वर्णन असते, बाजारात दारूची चर्चा होते; टोपीचे नाव सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः घोड्याचा आघात झाला की प्रथम पेटते ती टोपी, आणि तिच्या ज्वाळेने पुढे दारू पेटते. अमेरिकेत असंख्य गृहस्थ झाडलेली नळी टाकून न देता घरच्या मेजावर तीत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी भरतात. नळी ही काडतुसातील महाग वस्तू, आणि ती अनेक वेळा वापरता येते; तेव्हा त्यांचा हिशेब चुकीचा नाही. आमच्या धरमपेठेसारख्या सुशिक्षित व सुस्थित वस्तीतील एखाद्या परवानाधारक गृहस्थासही हा हिशेब पटावा आणि ‘रायफलीच्या काडतुसास कोणती टोपी घ्यावी?’ असे त्याने विचारावे, यात नवल नाही. प्रश्न वरवर व्यापारी मालाच्या निवडीचा दिसतो. आमच्या मते तो त्याहून बराच खोल आहे.

टोपीचा जन्म एका धर्मोपदेशकाच्या हातून झाला, ही इतिहासातील एक गंमतच म्हणावयाची. स्कॉटलंडातील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांस पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीची ठिणगी पाहून पक्षी उडून जात. म्हणून त्यांनी आघाताने पेटणारे मिश्रण बंदुकीस लावले व १८०७ साली त्याचे एकस्व घेतले. त्या मिश्रणांचा गुण व दोष एकच: त्यांस ज्वाळा लागत नाही, नुसता ठोका पुरतो. साधी दारू पेटविल्यावर जळते. टोपीतील द्रव्य दाबल्याने, घासल्याने, पडल्यानेही उडू शकते. आजच्या टोपीत बहुधा शिशाचे एक स्फोटक लवण असते. त्याचे वजन चिमटीत धरण्याइतकेही नसते. परंतु ज्या नळीत ते बसते तिच्यात गोळी सुटताना दर चौरस इंचास पन्नास ते साठ हजार पौंडांपर्यंत दाब उत्पन्न होतो. मोटारीच्या चाकात तो तीस-पस्तीस पौंड असतो, एवढ्यावरून वाचकांनी अंदाज करावा. आणि हे सारे गालापासून वितीच्या आत घडते.

आता निवडीविषयी. टोप्या लहान व मोठ्या अशा दोन मापांच्या असतात: एक सुमारे ०.१७५ इंच व्यासाची, दुसरी ०.२१० इंचाची. पिस्तुलाची मोठी टोपी रायफलीच्या खोबणीत वरकरणी बसते, पण तिचा पत्रा पातळ असतो. रायफलीच्या दाबाने तो फुटला तर तप्त वायू मागे, नेमबाजाच्या डोळ्यांकडे येतो. जी रायफल आपोआप दुसरे काडतूस घेते तिच्यात मऊ टोपी घातली तर खटका बंद होतानाच, चाप न ओढता, बार होण्याचे भय असते. मंद जळणाऱ्या दारूस तेज टोपी लागते. पण तीच तेज टोपी दुसऱ्या दारूशी जोडली तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणून जेथे हा छंद मान्य आहे तेथील जाणता मनुष्य टोपी बदलली की दारूचे माप कमी करून पुन्हा पहिल्यापासून चाचणी घेतो. टोप्या मूळ खोक्यातून काढून काचेच्या बरणीत ओतून ठेवणे हा तर आत्मघातच. सुट्या टोप्यांपैकी एक उडाली की तिच्यासवे सगळी बरणी उडते. आपल्याकडील जुन्या धाटणीच्या टोप्यांत क्लोरेट असे. त्याचे क्षार नळीत राहून हवेतील ओल ओढतात, आणि पावसाळ्यात पाण्याने न धुतलेली नळी पाहता पाहता गंजते.

यात आणखी एक अडचण आहे. टोपी बसविण्याच्या दोन पद्धती १८६६ च्या सुमारास निघाल्या. अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपाने उचलली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेने! बॉक्सर पद्धतीच्या नळीस मधोमध एक छिद्र असते, त्यातून खिळा घालून जुनी टोपी सहज काढता येते. बर्डन पद्धतीत बाजूस दोन बारीक छिद्रे असतात, तेथे तो खिळा चालत नाही. १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ३०३ ची काडतुसे या दुसऱ्या पद्धतीची. तेव्हा परदेशी पुस्तकातील कृती येथील नळीस लावू जाणारा मनुष्य पहिल्याच पायरीस अडखळेल.

अर्थात कायद्याने त्याला त्या पायरीवर पाऊल ठेवण्याचीच मुभा दिलेली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याचे सुटे भाग व ते तयार करण्याची यंत्रेसुद्धा ‘दारूगोळा’ या शब्दात घातली आहेत आणि त्याच्या निर्मितीस स्वतंत्र परवाना आवश्यक ठरविला आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे व कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. चार पैसे वाचविण्यासाठी एवढी जोखीम पत्करणे यास आमचे व्यापारी वाचक आतबट्ट्याचा व्यवहारच म्हणतील.

पण कायदा आहे एवढ्यावर थांबणे हे सुधारकाचे काम नव्हे. तो कोणत्या हेतूने आहे हे पाहिले पाहिजे. १८७८ च्या शस्त्र कायद्यातही बंदुकीच्या टोप्यांचा नावाने उल्लेख होता. त्या कायद्याच्या मुळाशी प्रजेवरील अविश्वास होता, म्हणूनच १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केला. स्वराज्यातील कायद्याचा हेतू अविश्वास नसून सुरक्षितता हा असला पाहिजे, आणि सुरक्षिततेचा हेतू केवळ मनाईने साधत नाही. त्यास शिक्षणाची जोड लागते. नेमके येथेच आमचे सरकार उणे पडते.

नेमबाजांची गोष्ट तूर्त बाजूस ठेवू. २०२४ साली पॅरिस येथे ज्या ५० मीटर प्रकारात कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले, त्यातील ०.२२ च्या काडतुसास निराळी टोपीच नसते. स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते आणि ते काडतूस रीतसर पुन्हा भरता येत नाही. म्हणजे आपल्या बहुसंख्य रायफल नेमबाजांस हा प्रश्न पडतच नाही. ज्या थोड्यांस मोठ्या बोअरची काडतुसे लागतात, त्यांची महागाईची तक्रार खरी आहे. तिची दाद त्यांनी घरच्या मेजावर न शोधता, परवानाप्राप्त नेमबाजी केंद्रात, जाणत्या देखरेखीखाली काडतुसे भरण्याची सोय मागावी. तशी मागणी त्यांनी केली तर आम्ही तिला पाठिंबा देऊ.

खरा प्रश्न विदर्भातील शेतकऱ्याचा आहे. रानडुकरे व रोही उभे पीक फस्त करतात, हे येथील प्रत्येक धान्यव्यापारी जाणतो. याच १९५९ च्या कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद केली आहे. ठासणीची बंदूक म्हणजे काय? दारू मोजून नळीत ओतावयाची, गजाने ठासावयाची, छर्रे भरावयाचे आणि शेवटी टोपी चढवावयाची! शहरातील गृहस्थास जे काम धोक्याचे म्हणून नाकारले, त्याचेच धाकटे भावंड कायद्याने शेतकऱ्याच्या हाती दिले आहे, तेही रात्री, बांधावर, कंदिलाच्या उजेडात. टोपी आधी चढवून मग गज ठासला तर काय होईल, ओली दारू न पेटता राहिली तर नळीपासून किती वेळ दूर राहावे, हे त्यास कोण शिकविते? २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाची अट आहे. ती अट कागदावर उरकली जाऊ नये, व तीत टोपी, दारू व त्यांची साठवण यांचा धडा मराठीतून असावा, एवढी आमची मागणी आहे. जेथे खात्रीची दारू व टोपी वाजवी दरात मिळत नाही, तेथे गावठी माल येतो, आणि डुकरांसाठी पेरलेला गावठी बॉम्ब गुराच्या तोंडी किंवा पोराच्या हाती लागतो.

या गोष्टी नागपूरकरांस परक्या नाहीत. धरमपेठेजवळून जाणाऱ्या अमरावती रस्त्याने पश्चिमेस निघावे. याच बाजूस बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ कामगार गेले, त्यांत सहा स्त्रिया. धामण्यास १३ जून २०२४ रोजी पुन्हा तेच, व तेथेही बळी पडलेल्यांत बहुतेक स्त्रियाच. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण दगावले. या स्फोटांचा काडतुसाच्या टोपीशी संबंध नव्हता, हे खरे. परंतु जेथे मातीचे बांध, ठिणगी न पाडणारी अवजारे व तपासनीस असावयाचे, तेथे ही अवस्था, तर बैठकीच्या खोलीतील मेजावर कोणती शाश्वती? एका बाजूस पोर खेळते आहे, दुसऱ्या बाजूस स्वयंपाकघरात शेगडी पेटली आहे, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आहे!

देशभरच्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे मुख्य कार्यालय आमच्या सेमिनरी हिल्सवर आहे. धरमपेठेतून तेथे जाण्यास टांगाही लागू नये इतके ते जवळ. अंबाझरीस सरकारी आयुध कंपनीचे मुख्यालय आहे. एवढे जाणते लोक या शहरात असताना एकाही शाळेच्या दिवाणखान्यात या विषयावर मराठीतून व्याख्यान होऊ नये? त्या खात्याने खरिपाच्या पेरणीपूर्वी काटोल, हिंगणा व उमरेड येथील बाजाराच्या दिवशी आपला एक अधिकारी पाठवावा, ठासणीची बंदूक उघडून दाखवावी, आणि टोपी कोठे ठेवावी व कोठे ठेवू नये हे शेतकऱ्यास त्याच्याच बोलीत सांगावे. शस्त्रविक्रेत्यांनीही टोप्यांच्या प्रत्येक खोक्याबरोबर मराठीत छापलेली सूचनांची चिठ्ठी द्यावी. छपाईचा खर्च फारसा नाही; आणि तो मालाच्या किमतीत धरला तरी ग्राहक कुरकुर करणार नाही.