महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, मा. क्रीडा मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, सर्व अकृषी विद्यापीठे

विषय : बास्केटबॉल प्रशिक्षकांना नियमित पद, वेतनश्रेणी व बढतीचे टप्पे मिळण्याबाबत.

महोदय,

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या की आम्हाला बोलावणे येते. संघ हरला की त्याच दिवशी मानधन थांबते. आमच्यापैकी अनेकांची उमेद अशा तुटक नेमणुकांत खर्ची पडली. चाळिशी ओलांडल्यावरही हाती ना सेवापुस्तिका, ना भविष्य निर्वाह निधी.

हे केवळ आमच्या पोटापाण्याचे गाऱ्हाणे नाही. रिबाउंड घेऊन खाली येताना दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे आणि आत वळू द्यायचे नाहीत, ही एक सवय अंगात मुरायला कित्येक महिने जातात. ती मुरलेली नसेल, तर सिमेंटच्या कोर्टवर एका चुकीच्या उडीत लिगामेंट फाटते आणि अकरावी-बारावीपासून घडवलेली मुलगी खेळातून उठते. आठ-दहा दिवसांच्या शिबिरात डावपेच सांगता येतात. शरीर घडवता येत नाही. त्यासाठी वर्षभर तोच प्रशिक्षक मैदानावर हवा.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडत आहेत. खेळाडूंना राज्याच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, ते योग्यच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत शारीरिक शिक्षण संचालकांची पात्रता आणि बढती ठरवून दिलेली आहे. पण एकटा संचालक कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ सांभाळतो. बास्केटबॉलचा रोजचा सराव आम्ही घेतो. त्या कामाला मात्र पदही नाही आणि पुढची पायरीही नाही. म्हणूनच जाणते प्रशिक्षक खासगी शाळा-अकादम्यांकडे वळतात आणि महाविद्यालयीन संघाला दर हंगामात नव्याने सुरुवात करावी लागते.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक विद्यापीठात बास्केटबॉल प्रशिक्षकाचे पूर्णवेळ पद मंजूर करावे. लहान महाविद्यालयांना पद परवडत नसेल, तर शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक प्रशिक्षक नेमावा.

२. नेमणूक किमान तीन वर्षांची असावी. वेतन दरमहा बँकेत जमा व्हावे, भविष्य निर्वाह निधी लागू व्हावा. विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडा शुल्काचा खेळनिहाय हिशेब दरवर्षी सूचनाफलकावर लावावा.

३. सहायक प्रशिक्षक, प्रशिक्षक, वरिष्ठ प्रशिक्षक असे टप्पे ठरवावेत. आजवरच्या तुटक सेवेची वर्षे त्यात धरावीत आणि त्यासाठी महाविद्यालयांनी अनुभवाचे दाखले देणे बंधनकारक करावे.

४. प्रसूती रजेसाठी कायद्याने आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवसांचे काम लागते. हंगामी नेमणुकीत ते दिवस भरत नाहीत, आणि मूल झाले की आमच्या भगिनींचे कोर्ट सुटते. त्यांना वर्षभराची नेमणूक द्यावी. मुलींच्या संघासोबत बाहेरगावी महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे.

५. संघाच्या प्रवासाची तिकिटे व भत्ता निघण्यापूर्वी मिळावा. आज प्रशिक्षक पदरचे पैसे घालतो आणि बिलांसाठी महिनोन्‌महिने खेटे घालतो. प्रवासात खेळाडूंसोबत प्रशिक्षकाचाही अपघात विमा असावा.

६. आमचे मूल्यमापन जरूर करावे, पण केवळ चषक मोजून नव्हे. सरावाची नियमितता, दुखापतींची नोंद, खेळाडूंची परीक्षेतील उपस्थिती आणि पहिल्या वर्षातली किती मुले तिसऱ्या वर्षापर्यंत खेळत राहिली, हेही पाहावे.

आम्हीही बांधील आहोत. ठरावीक मुदतीने उजळणी वर्ग करू, सरावाची नोंदवही ठेवू आणि ती मागाल तेव्हा दाखवू. खेळाडूशी गैरवर्तन करणाऱ्या प्रशिक्षकाला संघटना पाठीशी घालणार नाही.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या नेमणुका निघण्यापूर्वी दोन्ही विभागांनी आमच्यासोबत संयुक्त बैठक घ्यावी आणि प्रत्येक मागणीवर लेखी निर्णय द्यावा. पहिल्या दोन मागण्यांची अंमलबजावणी याच वर्षापासून व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

आपले विश्वासू,
महाविद्यालयीन बास्केटबॉल प्रशिक्षक संघटनेचे
पदाधिकारी व सभासद