मूर्ती घडताना

हिंजवडीत मुलाकडे राहायला आल्यापासून रात्रीचे जेवण आमच्याकडे साडेनऊला होते. त्याआधी नात घरी पोचतच नाही. ती नववीत आहे. शाळा सुटली की ‘फाउंडेशन’चा क्लास, आणि क्लास सुटला की वाकडच्या पुलापासून लागलेली वाहनांची रांग. जेवताना तिच्या ताटासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा असतो, त्यात एक कोरियन मालिका चाललेली असते आणि ती घास तोंडात धरून खिदळत असते. एके रात्री हे काय प्रकरण आहे म्हणून मी शेजारी बसलो, आणि बसलोच.

मालिका २०१२ सालची, ‘टू द ब्युटिफुल यू’. मूळ कथा जपानी चित्रकथेची. अमेरिकेत वाढलेल्या एका मुलीचे दैवत म्हणजे कोरियातला एक उंच उडीपटू. दुखापतीनंतर त्याने उडी मारणेच सोडले आहे. त्याला पुन्हा मैदानावर आणायचे म्हणून ही केस कापते, मुलगा बनते आणि तो शिकतो त्या मुलांच्या निवासी शाळेत नाव घालते. राहायला खोली मिळते तीही नेमकी त्याचीच! इतक्या नाजूक चेहऱ्याचा मुलगा पाहून बहुतेकांना शंकाही येत नाही. ‘हे कसं पटतं गं तुला?’ असे मी नातीला विचारणार होतो, पण जीभ आवरली. समोर उभा असलेला संन्यासी अर्जुन आहे हे सुभद्रेला ओळखू येत नाही, ते १८८२ सालापासून आपण आनंदाने पटवून घेत आलोच आहोत.

मला नवल वेगळ्याच गोष्टीचे वाटले. सोळा भागांच्या या शाळेत अभ्यास असा फारसा कोणी करताना दिसत नाही. आणि ही मालिका कोणत्या देशाची? नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेश परीक्षेतली इंग्रजी श्रवणाची चाचणी सुरू झाली की मुलांना व्यत्यय नको म्हणून अर्धा तासभर विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवणाऱ्या देशाची! तिथल्या शिकवण्या इतक्या उशिरापर्यंत चालत, की रात्री दहाला त्या बंद करण्याचा नियम सोल शहराला करावा लागला आणि २००९ साली घटनात्मक न्यायालयाने तो वैधही ठरवला. उपाशी माणसाच्या स्वप्नात पंचपक्वान्ने यावीत, तशी त्या देशाच्या पडद्यावर ही शाळा आली असावी. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती इतकी का रुचली, हेही मग कळले.

पण त्या शाळेत ‘शिकणारी’ मुले कोण होती? नायिका सुली आणि नायक मिन्हो, दोघेही पॉप गायकांच्या गटांतले तारे. अशा ताऱ्यांना तिकडे ‘आयडॉल’ म्हणतात, म्हणजे मूर्ती. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आपण म्हणतो. त्यांनी त्याचा उद्योग केला. कंपनीने कोवळ्या वयात मुले निवडायची, वर्षानुवर्षे गाणे, नाच, अभिनय घोटून घ्यायचा, एकत्र ठेवायचे आणि तयार झाली की रंगमंचावर सोडायचे.

मराठी वाचकाने यावर भुवया उंचावण्याचे कारण नाही. केशवराव भोसले अगदी लहानपणी नाटक कंपनीत आले आणि सतराव्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. नारायण राजहंस सतराव्या वर्षी किर्लोस्कर मंडळीत गेले. कंपनीचे बिऱ्हाड, पंगतीतले जेवण, तालीममास्तरांची छडी. शाळेचे नाव कशाला? नायिकेच्या भूमिकेत मुलगा उभा करणारे आपण, आणि मुलाच्या वेषात नायिका उभी करणारे ते, एवढाच फरक.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझी नजर कराराकडे वळली. सुली ज्या कंपनीत घडली, तिच्याच दुसऱ्या एका गटातले तिघे २००९ मध्ये तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात गेले. त्यानंतर तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार आणला. अनेक लहान कंपन्यांत तर शिक्षणाचा, राहण्याचा खर्च मुलाच्या नावे मांडतात आणि कमाईतून आधी तो वळता करून घेतात. म्हणजे कर्जच की हे! तारण काय, तर बालपण; आणि सही कोणाची, तर अ.पा.क. आईची किंवा बापाची. २०१४ साली तिथे कायदा झाला आणि अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर व रात्री दहानंतरच्या कामावर निर्बंध आले. पुन्हा दहाचाच ठोका.

आपल्याकडेही २०१७ चे नियम आहेत. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि किमान वीस टक्के कमाई त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. नियम चांगला आहे. ठेव सज्ञान झाल्यावर व्याजासकट परत मिळते. पण गेलेले तास?

सुली अकराव्या वर्षी पडद्यावर आली आणि ही मालिका केली तेव्हा अठरा वर्षांची होती. पुढे ती मोकळेपणाने बोलू लागली, मनासारखे राहू लागली आणि इंटरनेटवरच्या शिव्याशापांची धनी झाली. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी ती राहत्या घरी मृतावस्थेत सापडली. वय पंचवीस. त्यानंतर तिथल्या दोन मोठ्या संकेतस्थळांनी मनोरंजनाच्या बातम्यांखाली वाचकांनी शेरे मारण्याची सोयच बंद केली. एकाने त्याच महिन्यात, दुसऱ्याने २०२० च्या मार्चमध्ये.

सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे आपल्या केंद्र सरकारनेही जानेवारी २०२४ मध्ये काढली. आमच्या सोसायटीत त्यांचा परिणाम झालेला मला दिसला नाही. दुसऱ्या कोणाला कशाला बोल लावू? नातीच्या क्लासचा पहिला हप्ता मीच माझी एक ठेव मोडून भरला. ‘आत्ताच पाया पक्का झाला पाहिजे,’ हे वाक्यही माझेच.

सुलीचे काय झाले ते नातीला सांगावे की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी जेवताना चाचरत विषय काढला.

‘मला माहितीये, आजोबा,’ ती म्हणाली. ‘आमच्या वर्गात सगळ्यांनाच माहितीये.’

‘आणि तरी हसतेस?’

‘ह्यात ती किती मजा करते, बघा ना.’ तिने मोबाईल माझ्याकडे वळवला. मग घड्याळ पाहून परत घेतला आणि बंद केला. सकाळी सातला क्लासची चाचणी होती.