दोन ठिकाणांमधली वाट



परदेशाच्या सहलीचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "किती ठिकाणं दाखवतात?" दुसरा, "जेवण जैन आहे ना?" दुसरा प्रश्न योग्यच आहे. पहिल्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे. सहलीच्या कागदावर एका दिवसात सहा ठिकाणं छापलेली असली की आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. माझं मत असं की, निदान पाण्याकाठच्या शहरांमध्ये तरी, दोन ठिकाणांमधली वाट पायी चालायला मिळते का हे आधी विचारावं. मिळत नसेल तर मागून घ्यावी.

उदाहरण देते स्टॉकहोमचं. स्वीडनची ही राजधानी 14 बेटांवर वसली आहे. एका बाजूला मेलारेन सरोवराचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्राचं खारं पाणी. दोन्हींची भेट होते ती थेट राजवाड्याच्या पायथ्याशी. सहलीवाले सकाळी राजवाडा दाखवतात आणि मग बसने युरगॉर्डेन बेटावर वासा जहाजाच्या संग्रहालयात नेतात. पायी गेलं तर हे अंतर अडीच-तीन किलोमीटर, जवळजवळ सगळं पाण्याच्या कडेने आणि सपाट. आम्ही सात जणींनी चालायचं म्हटलं तेव्हा टूर मॅनेजर म्हणाले, "ताई, बसने दहा मिनिटांत पोहोचाल, मध्ये बघण्यासारखं काही नाही." त्या "काही नाही"वरच हा लेख आहे.

चालणं आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. मुनी आणि आर्यिका माताजी आयुष्यभर पायी विहार करतात. पाच समित्यांमधली पहिलीच ईर्यासमिती, म्हणजे चार हात जमीन पाहून, जीव वाचवत चालणं. ते व्रत साधूंचं, पण त्यातला धडा श्रावकांनाही आहे: पाऊल कुठे पडतंय तिकडे लक्ष हवं. आपण मात्र चालणं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेऊन ठेवलं. सकाळी पस्तीस मिनिटं, मैदानाच्या चकरा. डोळे मोबाईलवर, कानात भजन.

राजवाड्याकडून निघालं की लगेच पूल लागतो, स्ट्रॉमब्रून. त्याच्याखालून सरोवराचं पाणी जोराने समुद्राकडे धावतं. तिथे काठावर माणसं गळ टाकून उभी असतात. भर शहरात, राजवाडा आणि संसद दोन्ही नजरेच्या टप्प्यात, आणि माणसं सॅमन मासा धरतायत. आमच्यातल्या एका काकूंनी तोंड फिरवलं. दुसरी म्हणाली, "म्हणून मी म्हणत होते बसने जाऊ." मला तसं वाटत नाही. बसच्या काचेआडून गेलो म्हणून मासा काही सुटत नाही, आपल्या डोळ्यांना त्रास होत नाही इतकंच. ज्या देशात आपली मुलं-मुली नोकरीसाठी राहतात, तिथलं जगणं कसं आहे ते निदान दिसावं. तिथे उभं राहून कोणाला उपदेश करणं हे आपलं काम नाही, त्यांचा देश, त्यांची रीत. मनातल्या मनात त्या जिवासाठी णमोकार म्हणावा आणि पुढे निघावं. डोळे मिटून पाळलेली अहिंसा मला थोडी कच्ची वाटते.

पुढे पाण्याच्या कडेने नीब्रूप्लानकडे आलं की एक चौक लागतो. त्याचं नाव राउल वालेनबर्ग चौक. बसमधून पाटी वाचून होण्याआधी वळण येतं. हा मुलगा स्टॉकहोमच्या बड्या बँकवाल्या घराण्यातला. 1944 च्या जुलैमध्ये तो हंगेरीतल्या बुडापेस्टला स्वीडनच्या वकिलातीत गेला, तेव्हा वय होतं 31. नाझी तिथल्या ज्यूंना मारण्याच्या छावण्यांकडे पाठवत होते. त्याने स्वीडनचं संरक्षण असल्याचे दाखले छापून वाटले, घरं भाड्याने घेऊन त्यांवर स्वीडनचा झेंडा लावला आणि त्यात माणसं लपवली. हजारो जीव वाचले. 1945 च्या जानेवारीत सोव्हिएत सैन्याने त्याला ताब्यात घेतलं, तो परत घरी आला नाही. चौकात त्याच्या स्मरणार्थ काळपट कांस्याच्या आकृत्या आहेत. त्या अशा जमिनीलगत पसरलेल्या आहेत की मान खाली घालून चालणारीलाच दिसाव्यात.

आपण चार दानं शिकतो: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिल्या तिन्हींच्या पावत्या आपल्याकडे फाटतात. अभयदान म्हटलं की आपल्याला पांजरपोळ आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण घाबरलेल्या माणसाला "तू माझ्या आसऱ्याला आहेस" असं सांगणं हेही अभयदानच. ज्याने जैन शब्द कधी ऐकला असेल-नसेल, त्याने ते स्वतःच्या जिवावर दिलं. दर्शनाला मंदिर लागतंच असं नाही, असं मला त्या चौकात वाटलं.

त्यापुढचा स्ट्रांडवेगेन हा रस्ता नुसता सुखाचा. एका बाजूला जुन्या श्रीमंतांच्या हवेल्या, लिंडेनच्या झाडांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला बांधून ठेवलेल्या लाकडी होड्या. सायकलींची पट्टी वेगळी असते, तिच्यावर चालू नका. मग पूल ओलांडला की युरगॉर्डेन. या नावाचा अर्थच प्राण्यांची बाग. पूर्वी ही राजाच्या शिकारीची राखीव जागा होती. आज तिथे बायका बाबागाड्या ढकलत फिरतात, म्हातारे बाकांवर ऊन खातात. शिकारीचं रान माणसांच्या फिरण्याला मिळालं, हे ऐकून आपल्यासारख्यांना बरं वाटावं.

आणि मग वासा. 10 ऑगस्ट 1628 ला हे युद्धजहाज पहिल्यांदा शिडं उभारून निघालं आणि सुमारे 1300 मीटर जाऊन बुडालं. राजवाड्याच्या बाजूने निघालेलं जहाज युरगॉर्डेनजवळच्या पाण्यात तळाला गेलं. म्हणजे तुम्ही राजवाड्यापासून संग्रहालयापर्यंत चाललात तर त्या जहाजाच्या साऱ्या आयुष्याच्या प्रवासाहून जास्त चाललात! 64 तोफा, दोन मजले तोफांचे, वर शेकडो कोरीव मूर्तींचा साज. वरचा भार जास्त, तळाचा कमी. वाऱ्याच्या झोतात ते कलंडलं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं. 333 वर्षांनी, 1961 मध्ये, ते बाहेर काढलं.

मला सगळ्यात लागली ती वेगळी गोष्ट. निघण्याआधी या जहाजाची परीक्षा झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतकं डोलायला लागलं की परीक्षा थांबवली. भार जास्त आहे हे कळलं होतं. पण राजा दूर लढाईवर, त्याला जहाज लवकर हवं होतं, आणि नको म्हणणारं कोणी निघालं नाही. परिग्रहावर आपण प्रवचनं ऐकतो. लग्नाच्या हॉलचं भाडं, दागिने, फ्लॅटचा हप्ता, सगळं वरच्या मजल्यावर चढवत राहतो. घर कलंडतंय हे घरातल्या बाईला बहुतेक वेळा आधी कळतं. बोलायचं कोणी, हा प्रश्न असतो. पिशवीत दोन पाण्याच्या बाटल्या, दशम्यांचा डबा आणि छत्री घेऊन तासभर चालून आलेल्या बाईला हे जहाज जसं समजतं, तसं बसमधून उतरलेलीला समजेल असं मला वाटत नाही. खांद्याला ओझं जाणवत असतं.

आता तुमच्या शंका. गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं? सात नंबरची ट्राम युरगॉर्डेनला जाते, तीत बसून स्ट्रांडवेगेनचा तुकडा वगळावा. हट्टाने चालून दुसऱ्या दिवशी खोलीत पडून राहण्यात पुण्य नाही. वाट चुकली तर? पाणी उजव्या हाताला ठेवलं की या वाटेवर फारसं चुकता येत नाही. एकट्या बायका? झेब्रा पट्ट्यांवर गाड्या आपल्यासाठी थांबतात; आपल्या गावात रस्ता ओलांडताना जेवढी धडधड होते तेवढी तिथे होत नाही. पाणी? नळाचं पाणी चांगलं असतं, गाळणं जवळ ठेवावं आणि हॉटेलातून उकळून भरून न्यावं. रात्रीभोजन त्याग असणाऱ्यांची तर तिथे उन्हाळ्यात चंगळच. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सात वाजता जेवण आटोपलं तरी तीन तास उजेड हाताशी. संग्रहालय तोवर बंद होतं, पण वाट बंद होत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र खरा आहे. चालायला सव्वा तास दिला तर एखादं ठिकाण गळेल. गळू दे. फोटोत सहाव्या ठिकाणासमोर उभ्या राहिलेल्या आपण सगळ्या घामेजलेल्या आणि सारख्याच दिसतो.

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तिकडे गेलेल्या बायकांना तर माझं आग्रहाने सांगणं आहे. तीन-तीन महिने राहून तुम्ही जावयाच्या गाडीतून शहर पाहता. बाळ झोपलं की तासभर बाहेर पडा, एक टोक ठरवून पायी जाऊन या.

आणि पुढच्या सहलीचे पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन ओळी लिहून विचारा: कोणत्या दोन ठिकाणांमध्ये आम्हाला चालता येईल, आणि बस आमच्यासाठी पलीकडे किती वेळ थांबेल? चार-पाच जणींनी मिळून विचारलं तर ते ऐकतात.

जय जिनेंद्र.