विश्लेषण : मिक्सर लॅपटॉपला जोडला, तरी घरचे रेकॉर्डिंग का फसते?

नगर-मनमाड रस्त्यावरचे, औद्योगिक वसाहतीला लागून असलेले नागापूर असो की जिल्ह्यातले एखादे आडवळणाचे गाव, हरिनाम सप्ताहामुळे भजनी मंडळाकडे मिक्सर, दोन-चार माइक आणि स्पीकर असतातच. घरात मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉपही असतो. मग ‘मिक्सरची वायर लॅपटॉपला लावू, झाले रेकॉर्डिंग’ असा सोपा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात हाती येतो तो घुंघुं करणारा, फाटलेला, टाळांत बुडालेला आवाज. मग दोष साधनांच्या किमतीला दिला जातो आणि आणखी महागड्या मिक्सरची चौकशी सुरू होते. खरी चूक मात्र जोडणीत आणि त्याहूनही क्रमात असते.

नेमके बिघडते कुठे?

विजेच्या रूपातल्या आवाजाच्या पातळ्या वेगवेगळ्या असतात. माइकमधून येणारा संकेत अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो. मिक्सरमधून बाहेर पडणारा ‘लाइन’ पातळीचा संकेत साधारण एक व्होल्टच्या आसपास, म्हणजे शेकडो पट मोठा असतो. इलेक्ट्रिक गिटारसारख्या वाद्याचा संकेत या दोहोंच्या मधला असतो आणि त्याला वेगळ्या प्रकारचा इनपुट लागतो.

आजच्या बहुतेक लॅपटॉपवर हेडफोन आणि माइकसाठी मिळून एकच बारीक सॉकेट असते. त्यातला माइकचा भाग मोबाइलच्या हेडसेटसाठी केलेला असतो. तो क्षीण संकेताची वाट पाहतो आणि एकच चॅनेल घेतो. तिथे मिक्सरचा लाइन आउट लावणे म्हणजे ठिबकच्या नळीला मोटारीचा पाइप जोडण्यासारखे आहे. आवाज फाटतो, डावे-उजवे एक होते आणि लॅपटॉपच्या आतली खरखरही त्यात मिसळते. लॅपटॉपवरचा आवाज कमी करून हे सुधारत नाही, कारण संकेत आत शिरतानाच फाटलेला असतो.

यूएसबी मिक्सर घेतला की प्रश्न सुटतो का?

अर्धाच. यूएसबी मिक्सरमुळे लॅपटॉपचे ते बारीक सॉकेट टळते आणि आवाज स्वच्छ होतो. पण बाजारातले बरेचसे लहान यूएसबी मिक्सर संगणकाकडे फक्त दोनच चॅनेल पाठवतात, डावा आणि उजवा. मिक्सरवर आठ माइक लावले तरी संगणकात पोहोचते ती त्यांची खिचडी. पखवाज जास्त झाला, पेटी दबली, बुवांचा आवाज टाळांखाली गेला, तर ते नंतर सुटे करता येत नाही.

प्रत्येक माइक स्वतंत्र ट्रॅकवर हवा असेल, तर मिक्सरच्या माहितीपत्रकात ‘मल्टिट्रॅक’ असा स्पष्ट उल्लेख शोधावा आणि यूएसबीवरून किती चॅनेल जातात तो आकडा पाहावा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘12 चॅनेल’ हा आकडा मिक्सरवर एकूण किती इनपुट आहेत ते सांगतो. संगणकात किती पोहोचतात ते सांगत नाही. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा.

मग आधी काय घ्यावे?

घरच्या रेकॉर्डिंगसाठी मिक्सरच्या आधी ऑडिओ इंटरफेस घ्यावा, हे उत्तर अनेकांना पटत नाही. मिक्सरवर बटणे भरपूर, इंटरफेस म्हणजे चार खुंट्यांची डबी. तेवढ्याच पैशांत कमी मिळाल्यासारखे वाटते. पण दोघांची कामे वेगळी. मिक्सर समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी त्याच क्षणी आवाज एकत्र करतो. इंटरफेस प्रत्येक आवाज योग्य पातळीवर आणून, त्याचे आकड्यांत रूपांतर करून, संगणकाकडे सुटा-सुटा पाठवतो. एकत्र करण्याचे काम मग निवांतपणे, हवे तितक्या वेळा करता येते.

जोडणीचे नियम मोजके आहेत. माइक एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या वायरने लावावा. स्टेजवरच्या नेहमीच्या डायनॅमिक माइकला वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सर माइकला मात्र 48 व्होल्टचे फँटम पॉवर लागते. ते सुरू-बंद करताना स्पीकरचा आवाज शून्यावर असावा. कीबोर्डचा आउटपुट लाइन इनपुटला, तर इलेक्ट्रिक गिटार ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेल्या इनपुटला लावावी.

कीबोर्डच्या यूएसबी वायरबाबत एक गैरसमज हमखास आढळतो. बऱ्याच कीबोर्डच्या यूएसबीतून आवाज जातच नाही, जाते ते मिडी. 1983 मध्ये आलेली ही पद्धत कोणती पट्टी, किती जोराने, किती वेळ दाबली एवढेच सांगते. आवाज संगणकातल्या सॉफ्टवेअरला काढावा लागतो. यूएसबी लावून ट्रॅक मुका राहिला, तर कीबोर्ड बिघडला असे समजू नये.

घरातला मिक्सर वाया जातो का?

नाही. इंटरफेसचा आउटपुट मिक्सरला देऊन त्यातून वादकांच्या हेडफोनना किंवा ऐकण्याच्या स्पीकरला आवाज देता येतो. इंटरफेसला दोनच इनपुट असतील, तर कोरसचे दोन-तीन माइक मिक्सरवर एकत्र करून त्याचा लाइन आउट इंटरफेसच्या एका लाइन इनपुटला आणि बुवांचा माइक थेट दुसऱ्या इनपुटला देता येतो. सगळ्यात मोलाचा आवाज सुटा राहिला, एवढे त्यातून साधते.

मंडळाच्या बैठकीत माइक कसे मांडावेत?

चार इनपुट असतील तर वाटणी सरळ आहे : एक गायकाला, एक पेटीला, एक पखवाजाला आणि एक टाळकऱ्यांसह कोरसला. पेटीचा माइक अगदी चिकटवला, तर भात्याचा आणि पट्ट्यांचा खडखडाट सुरांपेक्षा पुढे येतो; तो हातभर दूर बरा. पखवाजाला एकच माइक असेल, तर तो शाईची बाजू आणि कणकेची बाजू दोन्ही ऐकेल असा समोर मधोमध ठेवावा. सर्वांत अवघड टाळ. धातूचा तो तीक्ष्ण नाद खोलीतल्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो. यावर कोणत्याही यंत्रापेक्षा बैठक उपयोगी पडते. टाळकरी गायकाच्या माइकच्या पाठीमागच्या दिशेला, शक्य तितके दूर बसवावेत.

दोनच माइक असतील म्हणून पखवाज नंतर हेडफोन लावून वाजवून घ्यावा, असा सल्ला दिला जातो. चित्रपटगीताला तो चालेल. भजनात गायक आणि पखवाजी एकमेकांकडे पाहून लय वाढवतात; ते तोडले तर भजनातला जीवच जातो. अशा वेळी सगळ्यांना एकत्र बसवून, अंतर बदलून तोल साधणे चांगले. 1902 मध्ये कोलकात्यात फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माइकच नव्हता. एका कर्ण्यासमोर गायचे आणि कोण किती अंतरावर, यावर तोल ठरायचा. ती युक्ती आजही फुकट आहे.

एको आणि गेन यांचे काय?

सप्ताहाच्या मांडवात एको लागतोच, नाहीतर बुवांना आवाज कोरडा वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो मिक्सरवरच बंद ठेवावा. एको नंतर कधीही घालता येतो. एकदा मुद्रित झालेला एको काढणे आमटीत पडलेले मीठ काढण्यासारखे आहे.

गेन, म्हणजे संकेत किती वाढवून घ्यायचा, याचीही तीच गत. सॉफ्टवेअरमधला काटा सर्वांत मोठ्या तानेलाही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावा. 24 बिटवर मुद्रण केले, तर हळू आवाज नंतर वाढवता येतो. शून्याला धडकून फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. चाचणी घेताना गायक हळू गातो आणि रंगात आल्यावर दुप्पट जोर लावतो, हे धरूनच गेन ठेवावा.

घुंघुं आणि उशीर कशामुळे?

सतत येणारी जाड घुं ही बहुधा 50 हर्ट्झच्या घरगुती विजेची असते. लॅपटॉप एका प्लगवर, मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असला, की अर्थिंगचे दोन मार्ग होतात आणि त्यातून हा आवाज वायरीत शिरतो. आधी सगळे एकाच बोर्डावर लावावे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घुं गेली तर कारण सापडले. त्यानंतर बॅलन्स्ड वायर वापराव्यात. अर्थिंगची जाड पिन तोडून टाकण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला, तर तो मुळीच करू नये. त्या पिनेवर माइक धरणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, ही दुसरी तक्रार. संगणक आवाज तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो. 48 किलोहर्ट्झवर 1,024 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 21 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सुमारे सात मीटर जातो. म्हणजे गायक स्वतःलाच खोलीपलीकडून ऐकतो. मुद्रणाच्या वेळी बफर 128 किंवा 256 ठेवावा, नाहीतर इंटरफेसवरचे ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण वापरावे. मग आवाज संगणकात न फिरता सरळ कानात येतो.

मोबाइल पुरेसा नाही का? एआय आहेच की!

हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. काहीच न करण्यापेक्षा मोबाइलवर केलेले मुद्रण केव्हाही चांगले. मिसळलेल्या गाण्यातून गळा आणि ताल वेगळे करणारी सॉफ्टवेअरही आता आहेत. पण ‘डेमक्स’सारख्या प्रणालीची नेहमीची वाटणी गळा, ड्रम, बेस आणि उरलेले अशी आहे. पेटी, पखवाज, टाळ असे खण तिच्यात नाहीत. शिवाय पेटी गळ्याच्या मागोमाग, त्याच सुरांत चालते आणि कोरसही गळाच असतो. सुरुवातीलाच सुटे ठेवणे सोपे असताना नंतर यंत्राकडून सुटे करून घेण्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

एवढा आटापिटा कशासाठी?

ज्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे शब्द टिकले, कारण ते लिहिले गेले. चाली लिहिल्या जात नाहीत. एकाच अभंगाची या गावची चाल वेगळी, शेजारच्या गावची वेगळी. आणि अनेकदा ती नीट येणारा एखादाच जुना बुवा उरलेला असतो. त्याचा आवाज फाटक्या, टाळांनी भरलेल्या फाइलीत अडकला, तर पुढच्या पोराला त्यातून चाल शिकता येणार नाही. दुसरी बैठक घ्यायला बुवा असतीलच, याची खात्री कोण देणार?

म्हणून मंडळांनी वर्गणीतून पुढचा खर्च करताना आणखी मोठा मिक्सर किंवा आणखी एक स्पीकर घेण्याआधी चार इनपुटचा साधा इंटरफेस घ्यावा. ऑडेसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरते. मात्र आपल्या संगणकावर ते इंटरफेसचे चारही चॅनेल घेते का, हे आधी तपासावे. खोली रस्त्यापासून आतली निवडावी, पंखा बंद ठेवावा आणि नागापूरसारख्या ठिकाणी मालट्रकांची वर्दळ कमी असण्याची वेळ धरावी. चार ट्रॅकचे तासाभराचे भजन 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर साधारण दोन जीबी जागा घेते. ते एमपीथ्री करून टाकू नये. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि फाइलीच्या नावात गायक, अभंग व तारीख लिहावी.

उत्तम मिक्सिंग आज जमले नाही तरी बिघडत नाही. सुटे ट्रॅक जपले, तर ते काम दहा वर्षांनी गावातलेच कोणी अधिक चांगले करील. आज फक्त आवाज स्वच्छ आणि वेगळे उतरवून घ्यायचे आहेत, आणि त्यासाठी वायर योग्य सॉकेटमध्ये लागली पाहिजे.